तिरप्या रेघेतलं एक कार्ड

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बरं," म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून संपवली. महिना होत आला, डोळ्यांत टिपूस नाही... आतून नुसतं बधिर झालंय.

मल्लिनाथअण्णा माझ्या नात्यातले नव्हेत. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका गिरणीत ते मागावर होते आणि मी कॉम्प्युटरच्या कार्डांना मशिनवर भोकं पाडणारी पंच ऑपरेटर. गिरणीनं त्यांना नोकरीत ठेवूनच प्रोग्रॅमिंग शिकायला घातलं. आठवडाभर काम, शनिवार-रविवार पुण्याला कॉलेज. पास झाले तर कॉम्प्युटर खातं, नाहीतर परत माग, अशी अट. होटगीहून सायकल हाणत यायचे आणि डबा खाताखाता प्रोग्रॅम लिहीत बसायचे. "हे बी विणकामच की गं कुसुम! एक धागा चुकला की आख्खं कापड वाया." मी म्हणायची, "अण्णा, आधी भाकरी गिळा."

प्रोग्रॅमच्या एका ओळीला एक कार्ड. असा दोनशे कार्डांचा गठ्ठा पुण्याच्या मशिनला भरवायचा. गठ्ठ्याच्या कडेवर अण्णा पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढत; प्रत्येक कार्डाच्या कडेला तिचा एकेक ठिपका उमटे. विस्कटला तरी कार्डावरच्या ठिपक्यावरून त्याची जागा कळायची. वरून मागाचं सूत, विणकरी गाठ.

शुक्रवारी संध्याकाळी परीक्षेचा गठ्ठा गाठ मारायच्या आधीच माझ्या हातून पडला. गाडीला तासभर होता. अण्णा चिडले नाहीत. फरशीवर मांडी घालून दोघांनी घाईघाईनं रेघ जुळवली आणि ते स्टेशनकडे पळाले. शनिवारी सकाळी माझ्या पंच मशिनखाली त्यातलं एक कार्ड सापडलं. परीक्षा रविवारी. साहेबांना सांगून ट्रंककॉल लावता आला असता, ती एक ओळ कळवली तरी भागलं असतं. पण मी टेंपररी होते, काढून टाकतील म्हणून भ्याले. कार्ड पर्समध्ये टाकलं आणि गप्प बसले. नालायकपणा, दुसरा शब्द नाही.

अण्णा नापास झाले. "गठ्ठा माझ्याच हातनं पडला, साहेब," म्हणाले आणि वर्षभर पुन्हा मागावर उभे राहिले. पुढच्या वर्षी पास झाले तेव्हा पहिला पेढा मलाच दिला. तेव्हाही मी बोलले नाही. मग वर्षांमागून वर्षं गेली...

परवा होटगीला अण्णांच्या घरी गेले. ते कार्ड त्यांच्या फोटोपुढं गुपचूप ठेवून यायचं, एवढंच ठरवलं होतं. अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी, कपाटातून तो परीक्षेचा गठ्ठा काढला, सुतात बांधलेला.

"तुमच्यासाठीच ठिवला हुता. परीक्षेत मशिननं छापलेल्या कागदावर एक ओळ कमी आली, तवाच कळलं हुतं त्यास्नी. म्हणायचे, एक कार्ड कुसुमकडं हाय. घाबरली आसंल पोर, आपण न्हाय इचारायचं. दील कवातरी आणून."

गाठ सोडायला मला फार वेळ लागला. ठिपका बघून कार्ड जागेवर सरकवलं. परत बांधायला गेले तर जमेना; अण्णांनी कितीदा शिकवली होती ती गाठ. गठ्ठा सुटाच मांडीवर घेऊन बसून राहिले.

"नीट धरा, ताई," वहिनी म्हणाल्या. "पडंल."