शेजारच्या पलंगावरचा उजवा हात

"एका हातात टोस्ट होता, दुसऱ्या हाताने मी फोन लावला," शेजारच्या पलंगाजवळच्या बाई नर्सला सांगत होत्या. "तोंड वाकडं दिसलं, बस्स. हे आपले म्हणतायत, आय अ‍ॅम ग्रँड, मी अगदी ठणठणीत आहे. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा."

नर्स हसली. "म्हणूनच आज चालतायत ते."

इथे परदेशात, मलिंगारच्या हॉस्पिटलात बाबांचा तो नववा दिवस होता. आईबाबा माझ्याकडे महिनाभरासाठी आले होते. शेजारचे आजोबा बाबांच्या नंतर दाखल झाले, तेही पक्षाघातानेच, तेही उजव्या बाजूच्या. आणि आता ते संत्रं सोलत होते. साल एकसंध निघत होती. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मैत्रिणींच्या नोकऱ्यांचा, घरांचा मला थोडाफार हेवा वाटत आलाय, पण असा कधी वाटला नव्हता. आजोबांपेक्षाही जास्त हेवा मला त्यांच्या बायकोचा वाटत होता. त्यांच्या नात्यात कुणी डॉक्टर नसावा.

आमच्या नात्यात आहे. नागपूरचे काका सर्जन आहेत. घरात कुणाला साधी शिंक आली तरी आधी काकांना फोन. त्या सकाळी बाबांच्या हातातून पोह्यांचा चमचा पडला, शब्द जड झाले, तेव्हाही मी काकांनाच व्हिडिओ कॉल लावला. ते ऑपरेशन थिएटरमध्ये होते. "थांब जरा, ते करतील परत फोन," मी आईला म्हटलं. बाबांना सोफ्यावर झोपवलं. बीपी मोजलं, पुन्हा मोजलं. काकांचा फोन आला, त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला आणि ओरडले, "अगं, मला काय दाखवत बसलीस? अँब्युलन्स बोलाव!" तोवर दुपार झाली होती.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ते शेवटचे ठीक कधी होते? मी खरी वेळ सांगितली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, गुठळी विरघळवणारं औषध आता देता येणार नाही, त्याची वेळ गेली. आणि ही गुठळी ओढून काढण्याच्या जागीही नाही.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"ते औषध बाबांना चालणार नाही म्हणे," मी सांगितलं.

त्या सकाळी अँब्युलन्स बोलवायला भाषेची अडचण होती, असंही मला म्हणता येत नाही. बाबांनी हट्टाने मला केजीपासून इंग्रजी शाळेत घातलं होतं. मला फक्त संकोच वाटला. भोंगा वाजवत गाडी यायची, शेजारी खिडक्यांशी यायचे आणि निघायचं काहीच नाही, असं वाटलं.

आई बाबांचा उजवा तळवा चोळत होती. नऊ दिवस ती तेच करत होती आणि तेच म्हणत होती. "मी ते लोणचं आणायलाच नको होतं. बीपीचा माणूस, आणि मी बरणीभर मीठ घालून आणलं." नऊ दिवस मी ते ऐकून घेतलं होतं. सोयीचं होतं मला.

आजोबांनी हात लांबवून संत्र्याची फोड बाबांपुढे धरली. बाबांचा उजवा हात चादरीवर तसाच पडून राहिला. त्यांनी डाव्या हाताने फोड घेतली आणि ओशाळं हसले. त्या बाई आईकडे वळून आपुलकीने म्हणाल्या, "हे तरी वेळेत पोचले. तुमच्या यांना झोपेत झालं का, लगेच कळलं नाही ते?"

"काय गं विचारतायत?" आई म्हणाली.

हवेबद्दल बोलतायत, असं मी सांगू शकले असते. आईचा अंगठा बाबांच्या तळव्यावर फिरतच होता.

"आई, लोणच्याचं राहू दे," मी म्हटलं. "ते औषध बाबांना चाललं असतं. मी उशीर केला."