सतरावी मागणी

थंड हवेच्या ठिकाणांविषयी आमच्या साडूंइतकं जाणणारा माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि असं एकही ठिकाण त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत ते कापडगिरणीच्या साळखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर म्हणजे मुकादम होते आणि कामगार युनियनचे चिटणीस. मी त्याच गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट. त्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यामुळे कामगार चळवळीत मी विचारांनी नव्हे, लग्नाने ओढला गेलो. जेवणाच्या सुट्टीत, मालकांच्याच टाइपरायटरवर, दाराकडे एक डोळा ठेवून मालकांविरुद्धच्या मागण्या टाइप करणं हे माझं क्रांतिकार्य. कार्बन घालून मी चार प्रती काढी आणि त्यातली चौथी कधीच कुणाला वाचता येत नसे.

साडूंना वाटाघाटींवाचून कुठलीही गोष्ट पटतच नसे. डॉक्टरांनी गोळी दिवसातून तीनदा घ्यायला सांगितली की हे एकदावर सुरुवात करत आणि दोनदावर तडजोड करून विजयी मुद्रेने घरी येत. पत्त्यांत हरायला लागले की सभात्याग करत. पाच मिनिटांनी चहा आला की ‘चर्चेची दारं उघडी हायत’ असं जाहीर करून पुन्हा सतरंजीवर. आमटी खारट झाली तर ते बायकोकडे, म्हणजे आमच्या मेव्हणीबाईंकडे, रीतसर निषेध नोंदवत आणि मग दोन वाट्या पीत. मी मात्र माझ्या घरी निषेध मनातल्या मनातच नोंदवत असे.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे डोंगरावरची हवा. खात्यात दिवसभर कापसाचे बारीक तंतू उडायचे. ते भुवयांवर बसत, मिशांवर बसत आणि छातीत तर कायमचेच मुक्कामाला जात. साडू खोकायला लागले की समोरचा माणूस बोलायचा थांबून वाट बघे. ‘साडू, दोन दिस तितली हवा घेतली की छाती धुवून निघती बघा,’ असं ते मला दर शनिवारी सांगत. म्हणून दरवर्षीच्या मागणीपत्रात ते सतरावी मागणी घालत: प्रत्येक कामगाराला वर्षातून एक शनिवार-रविवार सहकुटुंब थंड हवेच्या ठिकाणी पाठवावं. मागणीपत्रात एखादी मागणी सोडून देण्यासाठीच ठेवायची असते, म्हणजे समोरच्यालाही काही जिंकल्याचं समाधान मिळतं, हे युनियनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. साडू तेवढे ती मनापासून मागत. मी तर ती मागणी आणि ती मागे घेतल्याचं पत्र एकाच बैठकीत टाइप करून ठेवी. तेवढेच कष्ट वाचत.

एका मे महिन्यात आम्ही दोन्ही जोडपी आपल्या खर्चाने महाबळेश्वरला निघालो. बायकोने विणलेला लोकरीचा स्वेटर मी सोलापूरच्या स्टँडवरच चढवला होता. का, ते विचारू नका. नातेपुत्याला गाडी चहापाण्यासाठी थांबली. तिथल्या हॉटेलात भजी तळणारा म्हातारा आचारी घटकाभर बाकावर टेकला म्हणून मालक त्याच्यावर ओरडत होता. झालं, साडू चहा ठेवून उठले. ‘सकाळधरनं उभा हाय त्यो. बसायचं न्हाय व्हय त्यानं?’ पाऊण तास बोलणी चालली. आचाऱ्याला दुपारी अर्धा तास बसायची सुट्टी मिळाली आणि आमची गाडी निघून गेली. आचारी साडूंच्या पाया पडत होता, दोघी बहिणी स्टँडवर दशम्या सोडून बसल्या होत्या आणि मी नातेपुत्याच्या उन्हात स्वेटर घालून उभा होतो. तो काढला असता तर बायकोला काय वाटलं असतं! आमचा होल्डॉल टपावरच राहिला होता. तो एकटाच महाबळेश्वरला जाऊन तिसऱ्या दिवशी परत आला. साडूंनी तो उघडला, दमट सतरंजीत नाक खुपसलं आणि म्हणाले, ‘हवा चांगली हाय की!’

त्यानंतरच्या वर्षी गिरणीत नवे मॅनेजर आले. वाटाघाटींना मी टिपणं घ्यायला हजर होतो. साहेबांनी मागणीपत्र चाळलं आणि म्हणाले, ‘सतरावी मंजूर. मालकांचा महाबळेश्वरचा बंगला वर्षभर रिकामाच असतो, कामगारांनी पाळीपाळीने जावं. फक्त चौथी सोडा.’

चौथी मागणी बदली कामगारांना कायम करण्याची होती. ही माणसं रोज सकाळी फाटकापाशी येऊन उभी राहत. आतलं कोणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर घरी परत. साडूंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मला बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून मी चिठ्ठी लिहून सरकवली: ‘घेऊन टाका. चौथी पुढच्या वर्षी मागता येईल.’ माझ्या डोळ्यांसमोर बंगल्याचा व्हरांडा, वेताची खुर्ची आणि त्या खुर्चीत मी असं सगळं आलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

चिठ्ठी वाचून ते मला घेऊन बाहेर आले. आधी बराच वेळ खोकले. मग म्हणाले, ‘साडू, फाटकावर उभारल्यालं माणूस बघितलासा का कधी? त्याला आत घेतलं का न्हाय, हे कळंपातुर त्याची बायकू चूल पेटवत न्हाय. तिला काय धुकं खायला घालू व्हय?’

मी रोज त्याच फाटकातून, त्याच माणसांमधून वाट काढत आत जात होतो. साडूंनी माझ्याच खिशातलं पेन काढलं, आत गेले आणि सतराव्या मागणीवर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. बदली माणसं कायम झाली. त्या संध्याकाळी मेव्हणीबाई ‘बरं केलासा’ एवढंच म्हणाल्या. दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं आणि निषेध नोंदवायची साडूंची हिंमत झाली नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत खोकल्याने त्यांना खात्यातून उठवलं. त्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको महाबळेश्वरला जाऊन आलो. त्यांनाही चला म्हटलं होतं, पण घाटाचा प्रवास त्यांना झेपण्यासारखा राहिला नव्हता. खरं सांगायचं तर ते दोन्ही दिवस मी पडशाने खोलीतच पडून होतो आणि जे पाहिलं ते खिडकीतून दिसणारं धुकं. पण साडूंपुढे मी कड्यावर काय उभा राहिलो, दऱ्या काय वर्णिल्या! ते बाजेवर डोळे मिटून ऐकत होते. मधेच सावकाश, जपून एक श्वास घेत. खोकला आला नाही. इतकं बेमालूम खोटं मी जन्मात कधी बोललो नव्हतो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. ‘खोलीवर गरम पाणी आणून देणारा माणूस असंल की. त्याला आठवड्याची सुट्टी हाय का?’

‘विचारलं नाही.’

‘असू द्या. म्होरल्या खेपेला विचारा.’

पुढच्या खेपेपर्यंत साडू राहिले नाहीत. मी त्यानंतर बऱ्याचदा डोंगरात गेलो आणि दर वेळी पाणी आणणाऱ्या माणसाला तेवढं विचारतो. तो आधी चमकतो, मग हसतो, आणि बहुतेकदा सुट्टी नसते. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी हे साडूंना कोणत्या शब्दांत सांगायचं याची जुळवाजुळव करत राहतो. तेवढ्यात सोलापूर येतं.