शाडू, प्लास्टर आणि माझा चमचा

२१ ऑगस्ट. पेणला सकाळपासून रिपरिप. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच.

आजचा पराक्रम वहीत लिहायला हात धजत नाही. पण लिहितो. हसा पोटभर!

पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खोल कोणते दगड आहेत, हे शास्त्रज्ञ कसं ओळखतात? खणून? छे! भूकंपाच्या लाटा तिथून किती वेगाने जातात ते बघायचं, प्रयोगशाळेत एकेका खनिजाचा ताठरपणा मोजायचा आणि वेग जुळवायचा. दोन वर्षं मी हेच वाचतोय आणि वह्या भरतोय.

मग स्वस्थ कसा बसणार? रोह्याच्या ताईला यंदा शाडूचाच गणपती हवा होता. मी मे महिन्यातच शाडूचा आणि प्लास्टरचा एकेक भरीव तुकडा गच्चीवर कडक वाळवला आणि चमच्याने वाजवला. नोंद केली : शाडू खणखणीत, प्लास्टर बसकं. आता मूर्ती न खरवडता पोटातलं ओळखणार!

आज ताईला घेऊन सुनंदाकाकींच्या कारखान्यात गेलो. नवरा गेल्यावर काकींनी तो एकटीने चालवला, तोही फक्त शाडूच्या नावावर. आत आणखी चार गिऱ्हाईकं होती. ताईच्या बिनरंगी मूर्तीच्या पाठीवर मी चमचा मारला.

थप्प.

पुन्हा मारला. थप्प!

मी चष्मा सावरला, वही उघडली आणि चारचौघांत जाहीर केलं, "काकी, हे प्लास्टर आहे."

"काय बोलतोस भाऊ? माझ्याकडं प्लास्टर? कधीच नाय!"

"मी नाही, माझ्या नोंदी म्हणतात."

"आमचा बाळू लिहिल्याशिवाय बोलत नाय," म्हणत ताईने छत्री उचलली. तिच्यामागोमाग चौघंही बाहेर!

काकींनी मूर्ती आडवी केली आणि बैठकीखाली अंगठा दाबला. अंगठा आत गेला. बाहेर आला तो ओल्या मातीने माखलेला.

"वरून सुकलाय, आतून वला हाय. पंधरा दिवसांत ऊन दिसलं का? तुझा तुकडा कधीचा?"

"मे... मेमधला."

"मग? उन्हात भाजलेला तुकडा नि पावसातला गणपती सारखाच वाजंल व्हय?"

माझी वही घेऊन त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं : "खनिज पृथ्वीच्या पोटात असते तेवढ्याच उष्णतेत आणि दाबाखाली तपासावे, नाहीतर अनुमान चुकते." खाली लाल रेघ.

"हे कुणी लिवलं?"

"मी."

चमचा तिथेच टाकून मी पावसात धावलो. एसटी स्टँडवर चौघं सापडली. हात जोडले, सगळं सांगितलं. चौघंही काकींकडे परतली.

ताई सापडली नाही. संध्याकाळी रोह्याहून तिचा फोन आला. वाटेत दुसऱ्या दुकानातून तिने रंगवलेली मूर्ती घेतली होती.

"चमच्याने वाजवूनच घेतली रे. आतून पोकळ आहे, कशी खणखणीत वाजते!"

मी तिला बैठकीखाली ओलं बोट घासायला सांगितलं; शाडू असेल तर पाण्याने माती सुटते. तिने दहा मिनिटं घासलं. माती सुटली नाही. मूर्ती प्लास्टरची आहे.