रूपाताईच्या नावाखाली बी.एस्सी.

फ्लेक्स उतरवा.

रूपाताई बी.एस्सी. नव्हती. तुम्ही तिला होऊ दिलं नव्हतं. आणि आज वर्षश्राद्धाला तिच्या नावाखाली लाल अक्षरांत छापून आणलंत.

सकाळी तिसगावला एसटीतून उतरले तर चौकात समोरच. वर ताईचा लग्नातला फोटो, खाली शोकाकुल म्हणून अकरा जणांचे फोटो. एकाने तर गॉगल घातलाय.

मधोमध आप्पा, आमचे मोठे चुलते. हात जोडून.

आप्पा, तुम्ही हे वाचाल, नाहीतर कोणीतरी वाचून दाखवेल. 'घरातलं घरात ठेवावं' अशी कमेंट करणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.

आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजला जाणारी ताई पहिली मुलगी. नगरला, सायन्सला, रोज एसटीने जाऊन-येऊन.

ॲडमिशनला कॉलेजने शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागितला. आमचे वडील, म्हणजे दादा, अडून बसले.

"वरिजनल कुनालाच द्यायचा न्हाई. हारवला म्हंजी?"

दाखला लॅमिनेशन करून पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या खाली. कॉलेजला झेरॉक्स गेली. मूळ दाखला नंतर देऊ असं लिहून दिलं आणि ताईची ॲडमिशन 'प्रोव्हिजनल' झाली.

प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती. कागद पूर्ण होईपर्यंतची. हे घरात कोणालाच कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

एफवायचा रिझल्ट लागला. बाकीच्या मुलींचे मार्क दिसत होते. ताईच्या नंबरापुढे एकच शब्द, 'विथहेल्ड'.

ताई म्हणाली, "मी उद्या कॉलेजात जाऊन इचारते."

आप्पा म्हणाले, "पोरींचं हापिसात काय काम? मी जातो."

गेले. संध्याकाळी आले, ओट्यावर चपला काढल्या आणि म्हणाले, "रिझल्ट दिला न्हाई. एलिजिबिलिटी का काय ते न्हाई म्हनले. नापासच की मंग!"

आई म्हणाली, "अवो, पन नीट इचारलं का?"

"मला काय येडा समजती व्हय?"

झालं. एवढ्यावर ताईचं कॉलेज संपलं. दिवाळीनंतर लग्न लावलं. पत्रिकेत नावाखाली 'बारावी सायन्स'.

सोसायटीचा चेअरमन माणूस, खिडकीपलीकडच्या क्लार्कला 'म्हंजी काय?' असं विचारणार कसा? शान गेली असती.

बरं, आप्पांना सगळंच कळत नव्हतं असं नाही. एटीकेटी चांगली पाठ होती. त्यांच्या पोराला, म्हणजे त्या गॉगलवाल्याला, दरवर्षी लागायची. तेव्हा सगळ्या गावाला समजावून सांगायचे, "नापास न्हाई वो, इषय राह्यलेत. फुडच्या वर्गात बसता येतं."

पोराच्या वेळी शब्दाचा अर्थ शोधला. पुतणीच्या वेळी नवरा शोधला.

ताई 'नापास' म्हणून मला आर्ट्सला घातलं. तेही ताई सासरहून येऊन भांडली म्हणून.

दोन वर्षांनी माझा एफवायचा रिझल्ट. तेच कॉलेज, दादांची तीच पेटी, आणि माझ्या नंबरापुढे तोच शब्द.

ताईशिवाय कोणाला न सांगता मी स्वतः गेले. "सर, विथहेल्ड म्हणजे काय?"

क्लार्कने मान वर केली नाही. "रिझल्ट राखून ठेवलाय. मूळ दाखला जमा नाही, त्यामुळे विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे प्रवेशाची मान्यता, अडकलीय. दाखला आणून द्या, होईल मोकळा."

एवढंच होतं. एक कागद.

मी म्हटलं, माझ्या बहिणीचंही बघता का? त्यांनी कंप्युटरमध्ये शोधलं.

सगळ्या विषयांत पास. केमिस्ट्रीत अठ्ठ्याहत्तर.

घरी आले, बाहेर ओट्यावरच आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आता बोलून काय उपेग? तिला सातवा म्हैना हाय. उगा डोक्यात किडा नको घालू."

दादा, राग तुमच्यावरही आहे. पण तुम्ही निदान घाबरला होता. आप्पांनी सगळं कळल्यावरही दाबलं.

माझा दाखला मी पेटीतून काढून जमा केला, शिकले, आणि आता कॉलेजातच ॲडमिशनच्या टेबलावर बसते. मुलं येतात, पालक येतात, माना डोलावतात. मी प्रत्येकाला दरडावून विचारते, काय कळलं ते मला सांगा. माझ्या तिरसटपणाची तक्रार प्रिन्सिपलपर्यंत गेली आहे. जाऊ दे.

इथपर्यंत सगळा आप्पांचा हिशेब झाला. आता माझा.

त्या दिवशी ताई माहेरीच होती, बाळंतपणाला आलेली. मी घरात शिरले तशी भिंतीला धरून उठली.

"सोने, काय म्हनले गं हापिसात? तू तरी पास हायेस ना?"

मी म्हटलं, "हो गं. सर्व्हर डाऊन होता."

ती इतकी हसली! माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "माझ्यासारकी ढ न्हाई निघालीस, देवा."

तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही किती वर्षं होती. दर राखीपौर्णिमेला, दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या वेळी सांगू. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली.

ताई, तू पास होतीस गं.

मला माहीत होतं.

जमलं तर माफ कर.

तुझी सोनी