राबातलं पिल्लू

उन्हाळ्यात डोळखांबच्या बाजूने राबाचा धूर आला की मी अजून खिडकी लावून घेते. भाताचं रोप करायच्या जागेवर पाला, शेणी पसरून पेटवतात, त्याचा तो कडवट वास.

त्या वर्षी माझं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. मला न दाखवताच नेऊन पुरलं. अंगावरचं दूध मात्र आटत नव्हतं. सासूबाईंनी राब पेटवला आणि पाल्यातून सशाचं पिल्लू धडपडत बाहेर आलं, मुठीएवढं, मिशा करपलेलं. मी ते पदरात घेतलं. ओसरीवर बसून कापसाची वात माझ्याच दुधात भिजवली आणि त्याच्या तोंडाला लावली.

"नाय जगायचं ते, गो," सासूबाई म्हणाल्या. मग आत जाऊन दिव्यासाठी ठेवलेला सगळा कापूस त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवला.

तिन्हीसांजेला ते गार पडलं. पुरायला राबाकडे गेले, तर धगधगत्या राखेच्या कडेने त्याची आई हुंगत फिरत होती. पाय भाजला की उचलायची, पुन्हा टेकायची. मी पिल्लू कडेला ठेवलं आणि बांधाआड सरकले. वाटलं, बघेल तर शोधायची थांबेल. मला तर कुणी दाखवलंही नव्हतं.

ती आली. त्याला बराच वेळ हुंगलं. मग वळली आणि पुन्हा राखेत शोधू लागली.

इतकी वर्षं मी घरच्यांना बोल लावला. आता कळतं, माझं बाळ मला दाखवलं असतं, तरी मीही शोधायची थांबले नसते.