लॅमिनेशनला नाही म्हणणारा

उंद्रीच्या स्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्याकडे कागद जपायचा म्हणजे लॅमिनेशन करायचं, मग तो सातबारा असो की लग्नातला फोटो. तो सगळ्यांचं करून देतो. बोलतो कमी, अन् कागद हाती घेण्याआधी दर वेळी बोटं रुमालाला पुसतो. मी चौथी शिकलो, पण माणूस ओळखतो. हा मले आखडू वाटायचा.

जवानीत मी क्रिकेटवाल्यांची बारा कार्डं जमवली होती, बबलगममध्ये निघायची ती. दोन कसरीनं खाल्ली, म्हणून उरलेली दहा घेऊन त्याच्याकडे गेलो.

"लॅमिनेशन कर बे याचं."

"नाही काका. गरम रोलरनं रंग बिघडते, मंग प्लास्टिक निघतच नाही. माह्यं पहिलं कार्ड असंच गेलं."

"मले शिकवून राह्यला का? चालव मशीन!"

त्यानं मशीनचा प्लगच काढला. मग ड्रॉवरमधून स्टीलचा डबा काढला. आत त्याची स्वतःची कार्डं होती, एकेक पातळ कव्हरात, सोबत बुटाच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. कव्हरं दहाच होती. त्यानं आपली कार्डं बाहेर काढली अन् माझी, कडेनं धरून, आत सरकवली.

"अन् तुये?"

"माहे राहतीन वहीत. तुमचे जुने हायेत."

मी कोणाचं फुकट ठेवत नाही. उद्या खामगावले जातो. तिथं कव्हरं नाही भेटली तर अकोल्याले जाईन, पण त्याची कार्डं उघडी राहू देणार नाही.