मेहुण्याचा पहिला ग्लास

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना गटात सगळे लिफ्टवाले म्हणत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी दहाला, दारू सोडलेल्यांची आणि सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग भरे. नऊ वर्षांत त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. लवकर येऊन खिडक्या उघडायच्या, खुर्च्या गोल मांडायच्या, चहाचं आधण ठेवायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं.

त्यांची कहाणी गटाला तोंडपाठ होती. पिऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरले आणि घोटा मोडून घेतला, हे सांगताना ते म्हणत, "लोकांना वर पोचवणारा मी, स्वतः मात्र कायम तळाला." सगळे हसत. मुलीला शाळेच्या फाटकात विसरले तेही सांगत, तेव्हा कोणी हसत नसे. एकच प्रसंग ते गाळत.

त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवायचा. खडू घेऊन फळ्यावर एका दमात असं वर्तुळ काढायचा की कंपासनं लाजावं. व्यसन म्हणाल तर चहाचंसुद्धा नाही. तो नोकरीत कायम झाला त्या संध्याकाळी लिफ्टवाल्यांनी त्याला गच्चीवर नेलं. तो नको नको म्हणत होता. "अरे, कमावता झालास आता. बाळासारखं काय करतोस?" म्हणत त्यांनीच ग्लास भरला, त्याच्या हातात दिला, आणि तो ठसकला तेव्हा पाठीवर थाप मारली.

पुढे दोघं जोडीनं बसू लागले. मग लिफ्टवाले गटात आले आणि सुटले. मेहुणा अडकून राहिला. त्याची नोकरी गेली. "माझा भाऊ कोणाच्या नादानं बिघडला, देव जाणे," असं बायको म्हणायची, तेव्हा हे पेपरात तोंड घालून बसायचे.

महिन्याचा पहिला रविवार घरच्यांसाठीही खुला असे. अशाच एका रविवारी बायको भावाला घेऊन आली. त्याचे कपडे स्वच्छ होते, पण अंगावर लोंबत होते. डोळे पिवळे पडलेले. त्याची बोलायची पाळी आली.

"पहिल्यांदा मी एकट्यानंच घेतली," तो खाली बघत म्हणाला. "कोणी पाजली नाही. माझी मीच दुकानातून आणली."

बहीण शेजारीच बसली होती. दुसऱ्याच्या बोलण्यात मध्ये पडायचं नाही, हा गटाचा नियम. त्या नियमाआड लिफ्टवाले लपले. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "आज फक्त ऐकतो."

नंतर जिन्यात त्यांनी मेहुण्याला गाठलं. "खोटं कशाला बोललास?"

"ताई होती ना."

"म्हणून काय झालं?"

"भावोजी, तुमचं आता कुठे सुरळीत चाललंय. ते कशाला विस्कटायचं?"

पुढच्या रविवारी खरं सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला. मेहुणा चार वेळा आला, पाचव्यांदा आला नाही. दोन महिन्यांनी तो दवाखान्यातच वारला.

त्याचे दिवस झाल्यावर लिफ्टवाल्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तो होता तेव्हा का नाही बोललात?" तिनं विचारलं. "तुमच्या वाटचंही त्यानं स्वतःवर घेतलं, आणि तुम्ही घेऊ दिलंत."

तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलते, पण कामापुरतं. जेवायला वाढते आणि आत निघून जाते.

बायकोला सांगितल्यानंतरच्या रविवारी त्यांनी गटात गच्चीवरचा तो प्रसंग पहिल्यांदा सांगितला. मध्ये दोनदा थांबले. मीटिंग संपल्यावर एक ट्रकड्रायव्हर खुर्च्या उचलायच्या निमित्तानं जवळ आला.

"मीपण माझ्या भावाला पाजली होती," तो हळूच म्हणाला. "तो आहे अजून."

"मग आजच जा त्याच्याकडे. रविवारची वाट बघू नकोस."

"पण जाऊन काय सांगू?"

लिफ्टवाल्यांनी हातातली खुर्ची भिंतीला लावली. "ते मलाही ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण तू जा."